उसाने आखलेला नकाशा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा तालुकावार नकाशा शाळेत असेल, तर तो एकदा वर्गात टांगून मुलांना नीट पाहायला सांगा. उत्तरेला कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी हे तालुके दिसतील. दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे पाथर्डी, जामखेड दिसतील. हे दोन्ही भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. दोन्हीकडे वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही भरवशाचा नसतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दोन्हीकडे बाजरी आणि ज्वारी हीच मुख्य पिके होती आणि दुष्काळ दोन्हीकडे सारखाच येत असे.

आज मात्र दोन्हीकडचे चित्र वेगळे आहे. उत्तरेत दहा-वीस किलोमीटरवर एखादे बाजाराचे गाव लागते. तेथे साखर कारखाना असतो, महाविद्यालय असते, दवाखाना असतो. पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत दिवाळी संपली की अनेक गावे ओस पडू लागतात. शाळेच्या हजेरीपटावर नावे असतात, पण वर्गात मुले नसतात. ती आईवडिलांबरोबर 'कारखान्याला' गेलेली असतात.

असे का झाले, हे विचारल्यावर मुले चटकन 'पाणी' असे उत्तर देतील. ते चूक नाही, पण अपुरे आहे. पाणी आले म्हणून शेती वाढली असेल, पण त्यामुळे कारखाने ठरावीक अंतरावर का उभे राहिले? ते शेतकऱ्यांच्याच मालकीचे का झाले? आणि पाणी एका तालुक्यात आले, तर दुसऱ्या तालुक्यातली माणसे सहा महिन्यांसाठी घर सोडून का जाऊ लागली? या प्रश्नांची उत्तरे शोधताना इतिहास आणि अर्थशास्त्र लागतेच. पण वनस्पतींवर काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना असे वाटते की यातला बराचसा उलगडा उसाच्या कांडीत होतो. तो कसा, हे या लेखात पाहू.

कालवा आला, पण पाणी कोण घेणार?

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. त्यानंतरच्या दशकांत इंग्रज सरकारने दख्खनच्या कोरड्या भागात जे कालवे काढले, त्यांचा जाहीर हेतू दुष्काळापासून संरक्षण हा होता. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो तेथेच धरणात अडवायचा आणि कालव्याने पूर्वेच्या कोरड्या मुलखात न्यायचा, अशी ही कल्पना. भाटघरच्या पाण्यावर नीरेचे कालवे निघाले, दारणेच्या पाण्यावर गोदावरीचे. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले. त्याचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यापासून डाव्या आणि उजव्या कालव्यात वळवले गेले.

पण सुरुवातीच्या कालव्यांवर एक अडचण लवकरच ध्यानात आली. दख्खनची काळी माती ओल धरून ठेवते. पाऊस बरा झाला, तर ज्वारीला कालव्याचे पाणी लागतच नाही. मग पाणीपट्टी भरून ते घ्यायचे कशाला? ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी मात्र सगळ्यांनाच पाणी हवे असते आणि ते पुरत नाही. म्हणजे चांगल्या वर्षी कालवा रिकामा वाहायचा आणि वाईट वर्षी त्यावर भांडणे व्हायची. कालव्यावर झालेला खर्च वसूल होईना.

सरकारला पाणी दरवर्षी आणि बाराही महिने घेणारे, आणि त्याचे पैसे देऊ शकणारे गिऱ्हाईक हवे होते. असे पीक म्हणजे ऊस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात अभियंता असताना त्यांनी नीरा कालव्यावर 'ब्लॉक' म्हणजे गट पद्धत सुरू केली. जमिनीचे गट पाडायचे, गटाला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, आणि गटातल्या सुमारे एक तृतीयांश क्षेत्रावर ऊस व बाकीच्यावर हंगामी पिके आलटून पालटून घ्यायची, अशी ही योजना होती. एकाच गावाला सगळे पाणी न देता ते विभागून द्यावे, हा तिचा चांगला भाग. पण दुष्काळातल्या ज्वारीसाठी काढलेला कालवा उसावर जगू लागला, हेही त्याच वेळी घडले.

उसाचे तीन गुण

पुढची गोष्ट कळण्यासाठी उसाचे तीन गुण लक्षात ठेवावे लागतात.

पहिला गुण त्याच्या तहानेचा. ऊस हे गवताच्या कुळातले पीक आहे. प्रकाशसंश्लेषणाचे काम तो फार कार्यक्षमतेने करतो आणि भरपूर वाढतो. परंतु तो शेतात राहतोही फार दिवस. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला 'सुरू' ऊस बारा महिन्यांनी तुटतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा 'पूर्वहंगामी' चौदा-पंधरा महिने घेतो, तर जुलै-ऑगस्टचा 'आडसाली' सोळा ते अठरा महिने उभा असतो. म्हणजे पूर्ण उन्हाळाभर त्याला पाणी द्यावे लागते. पाटाने पाणी दिले, तर एका पिकाला जमिनीवर एकूण २,००० ते २,५०० मिलिमीटर उंचीचा थर होईल इतके पाणी लागते. पाऊस पडतो ५०० ते ६००. बाकीचे कालव्यातून किंवा विहिरीतून यावे लागते.

दुसरा गुण वजनाचा. उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणीच असते. शंभर किलो ऊस गाळला तर साखर दहा-अकरा किलो निघते. याला 'उतारा' म्हणतात. सुमारे तीस किलो भुसा म्हणजे बगॅस निघतो, चार-साडेचार किलो मळी निघते. म्हणजे दहा किलो साखरेसाठी नव्वद किलो इतर गोष्टी वाहून न्याव्या लागतात.

तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा आहे. तोडलेला ऊस टिकत नाही.

कांडीच्या आत काय घडते?

पानात तयार झालेली साखर, म्हणजे सुक्रोज, उसाच्या कांडीतल्या पेशींमध्ये साठते. पेशींतील रिक्तिका या रसाने भरलेल्या असतात. सुक्रोज हा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांच्या जोडीतून बनलेला रेणू आहे. ही जोडी तोडणारे इन्व्हर्टेज नावाचे विकर उसातच असते. उभ्या, पक्व उसात त्याचे काम आटोक्यात असते. ऊस तोडला की मुळांकडून येणारे पाणी बंद होते, पेशी सुकू लागतात आणि त्यांचा ताबा सुटू लागतो. मग पुढील क्रिया वेगाने घडते :

सुक्रोज + पाणी → ग्लुकोज + फ्रुक्टोज

रस गोडच राहतो, पण त्याची साखर होत नाही. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे साखरेसारखे स्फटिक कारखान्यात मिळत नाहीत. इतकेच नव्हे, तर ते शिल्लक सुक्रोजच्या स्फटिकीभवनातही अडथळा आणतात. त्यामुळे साखर मळीबरोबर निघून जाते. भर म्हणून तोडलेल्या टोकांतून जिवाणू आत शिरतात. त्यांपैकी ल्युकोनोस्टॉक हे जिवाणू सुक्रोज वापरून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. त्यामुळे रस बुळबुळीत होतो आणि गाळण्या तुंबतात. शिवाय पाणी उडून गेल्याने वजनही घटते. फेब्रुवारीनंतर ऊन वाढले की हे सारे आणखी झपाट्याने होते. म्हणून तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गाळला जावा, असे सर्व साखर तंत्रज्ञ सांगतात.

आता ज्वारी आणि कापूस यांच्याशी तुलना करून पाहा. वाळलेली ज्वारी पेवात किंवा कणगीत वर्षभर राहते. कापूसही थांबतो. वऱ्हाडात कापसाच्या गाठी बांधून त्या शेकडो मैलांवरच्या मुंबई बंदरात नेता येत. म्हणून तेथे रेल्वेच्या कडेने, सरकी काढणारे आणि गाठी बांधणारे कारखाने असलेली मोजकी मोठी व्यापारी गावे वाढली. १८७० मध्ये खामगावला स्वतंत्र रेल्वे फाटा मिळाला, तो कापसासाठीच. कापूस बाजाराकडे जाऊ शकतो. उसाचे तसे नाही. त्याच्यासाठी कारखान्यालाच शेताजवळ यावे लागते.

गुऱ्हाळापासून कारखान्यापर्यंत

पहिली सोय गुऱ्हाळाने केली. चरक, काहील आणि एक चांगला गुळव्या मिळाला की फडाच्या कडेलाच गूळ तयार होतो. ऊस हलवावाच लागत नाही. पुण्याजवळच्या सासवडचे माळी शेतकरी हे या कामातले जाणकार. बागायत आणि गूळ यांत त्यांचा हात बसलेला होता. कालवे जसजसे पुढे गेले, तसतसे ते नीरेच्या, गोदावरीच्या आणि प्रवरेच्या कालव्यांवर गेले. तेथल्या जिरायती शेतकऱ्यांच्या जमिनी त्यांनी खंडाने घेतल्या आणि ऊस लावला. कालव्याकाठच्या अनेक गावांत 'सासवडकर' कुटुंबे आहेत, ती अशी आली. या प्रदेशाच्या वस्तीत उसाने केलेला हा पहिला बदल म्हणता येईल.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर जकात बसवून देशी साखर उद्योगाला संरक्षण दिले. त्यापूर्वी देशात आधुनिक साखर कारखाने तीसच्या आसपास होते, ते काही वर्षांतच शंभरावर गेले. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना आधीपासूनच होता. त्यानंतर टिळकनगर, साखरवाडी, वालचंदनगर, रावळगाव असे कारखाने उभे राहिले. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून १९३२ मध्ये सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात स्वतःचा कारखाना काढला. त्या ठिकाणाचे नाव पडले माळीनगर.

ही नावे मुलांना मोठ्याने वाचायला सांगा. साखरवाडी, माळीनगर, वालचंदनगर, टिळकनगर. जुन्या गावांची नावे अशी नसतात. येथे आधी कारखाना आला आणि त्याच्याभोवती वस्ती झाली. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, तेव्हा प्रवरेकाठच्या बेलापूर गावासाठी काही अंतरावर एक स्थानक झाले. पुढे कालवा, गुळाचा व्यापार आणि साखर यांच्या जोरावर त्या स्थानकाभोवती जी पेठ वाढली, ती म्हणजे आजचे श्रीरामपूर शहर. स्थानकाचे नाव मात्र बेलापूरच राहिले.

बैलगाडीचे गणित

कारखाने एकमेकांपासून किती अंतरावर असावेत, हे एका सोप्या गणिताने काढता येते. समजा, एक मध्यम कारखाना दिवसाला १,००० टन ऊस गाळतो आणि हंगाम १५० दिवसांचा आहे. म्हणजे त्याला वर्षाला १,५०,००० टन ऊस हवा. हेक्टरी ७५ टन उत्पादन धरले, तर २,००० हेक्टर ऊस लागेल. पण सगळ्याच जमिनीवर ऊस नसतो. परिसरातल्या ५ टक्के जमिनीवर ऊस आहे असे धरू. मग कारखान्याचा एकूण परिसर ४०,००० हेक्टर, म्हणजे ४०० चौरस किलोमीटर झाला.

हा परिसर वर्तुळाकार मानला, तर त्याची त्रिज्या सुमारे ११ किलोमीटर येते. वर्तुळात सारख्या पसरलेल्या शेतांचे केंद्रापासूनचे सरासरी अंतर त्रिज्येच्या दोन तृतीयांश असते, म्हणजे येथे साडेसात किलोमीटर. भरलेली बैलगाडी तासाला सुमारे तीन किलोमीटर चालते. सरासरी गाडी अडीच तासांत, आणि सर्वांत दूरची गाडी चार तासांच्या आत गव्हाणीपाशी पोहोचेल. सकाळी तोडायचे, दुपारी मोळ्या बांधून गाडी भरायची, रात्री कारखान्यावर वजनकाट्याच्या रांगेत नंबर लावायचा आणि पहाटे परत फडात. २४ तासांचे हे चक्र या त्रिज्येत बरोबर बसते. त्रिज्या दुप्पट केली, तर ते बसत नाही.

शेजारच्या कारखान्याचे वर्तुळही असेच धरले, तर दोन कारखान्यांत वीस-बावीस किलोमीटर अंतर येईल. आता केंद्र सरकारचा नियम पाहा. २००६ मधल्या दुरुस्तीनुसार दोन साखर कारखान्यांत किमान १५ किलोमीटर हवाई अंतर असावे लागते, आणि महाराष्ट्राने पुढे ते २५ किलोमीटर केले. आता बैलगाडीच्या जोडीला ट्रॅक्टर आणि ट्रक आले आहेत, कारखान्यांची क्षमता कित्येक पटींनी वाढली आहे. तरी उसाच्या टिकण्याची मुदत वाढलेली नाही.

अशा प्रत्येक वर्तुळाच्या केंद्राशी शेकडो गाड्या रोज येतात. गाड्या येण्यासाठी रस्ते लागतात आणि हंगामभर ते नीट ठेवावे लागतात. रस्ता झाला की एसटी येते. कारखान्यात जोडारी, विजेचे कामगार, रसायनतज्ज्ञ, कारकून लागतात. त्यांच्या मुलांना शाळा लागते. उसाचे पैसे एका हंगामात आणि एका ठिकाणी मिळतात, म्हणून बँक, खतांची आणि कापडाची दुकाने तेथेच येतात. कारखाना हे बाजारगाव का होते, याचे उत्तर असे साधे आहे.

कारखाना कोणाचा?

तोडलेला ऊस थांबत नाही, याचा आणखी एक परिणाम आहे. ज्वारीचा भाव पटला नाही, तर शेतकरी पोते परत घरी आणू शकतो. ऊस तोडून गाडीत भरल्यावर शेतकऱ्याला घासाघीस करता येत नाही. त्याला एकच कारखाना जवळ असतो आणि वेळ असतो एका दिवसाचा. दुसऱ्या बाजूने, कारखान्यालाही रोज न चुकता ऊस हवा असतो, कारण बॉयलर आणि यंत्रे थांबली की नुकसान होते. खाजगी कंपन्यांनी यावर उपाय म्हणून हजारो एकर जमिनी खंडाने किंवा विकत घेऊन स्वतःचे मळे केले. ज्यांच्या जमिनी यात गेल्या, ते 'खंडकरी शेतकरी' म्हणून ओळखले जातात. १९६१ च्या जमीनधारणा कायद्यानंतर हे मळे सरकारकडे आले आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे सोपवले गेले. आपल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून खंडकऱ्यांना पुढे अनेक दशके झगडावे लागले.

दुसरा उपाय शेतकऱ्यांनी शोधला. ज्याचा ऊस, त्याचाच कारखाना असला, तर भावाची ओढाताण राहणार नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणी परिसरातल्या गावोगावी फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि सहकारी चळवळीतले वैकुंठभाई मेहता यांचेही पाठबळ मिळाले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरा सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. त्यानंतर सांगली, वारणा, अकलूज, कोपरगाव, राहुरी, संगमनेर असे सहकारी कारखाने उभे राहिले.

सहकारी कारखान्याने उसाच्या बिलातून थोडी थोडी रक्कम कापून शाळा, महाविद्यालये, दवाखाने, उपसा सिंचन योजना उभ्या केल्या. साखरेच्या नफ्यातला वाटा त्याच वर्तुळात खर्च होऊ लागला. या सत्तेचे पुढे राजकारण झाले, काही कारखाने तोट्यात गेले, काही विकले गेले, हेही खरे आहे. परंतु ज्या मुलखात १९२० मध्ये बाजरी पिकत होती, तेथे शेतकऱ्याची मुलगी गावात राहून पदवीपर्यंत शिकू लागली, ही गोष्ट लहान नाही.

नकाशाची दुसरी बाजू

आता त्या दिवाळीनंतर ओस पडणाऱ्या गावांकडे येऊ. २४ तासांच्या नियमाचा अर्थ असा की ऊस आधी तोडून साठवता येत नाही. जितका आज गाळायचा, तितकाच आज तोडायचा. त्यामुळे पाच महिने रोज, रविवार नाही, सण नाही, अशी तोड चालू राहिली पाहिजे. आमच्या उदाहरणातल्या लहान कारखान्याला रोज हजार टन ऊस कोयत्याने तोडून, पाचट काढून, मोळ्या बांधून हवा. इतकी माणसे बागायती गावांत मिळत नाहीत, कारण तेथे त्याच वेळी रब्बीची कामे असतात.

ही माणसे जेथे खरिपानंतर शेतात काम उरत नाही, अशा जिरायती मुलखातून आली. बीड जिल्हा, पाथर्डी, शेवगाव, जामखेड हा त्यातला मोठा पट्टा. पावसाळ्यात मुकादम गावात येऊन 'उचल' देतो. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, कारण तोडणे आणि मोळ्या वाहणे हे दोघांचे मिळून काम आहे. हिशेबात दोन माणसांचे नाव एका हत्याराचे आहे, यावर विद्यार्थ्यांनी जरूर विचार करावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या बैल, भांडी आणि लहान मुले घेऊन निघतात. कारखान्याजवळ पाचटाच्या कोपी उभ्या राहतात. काही महिन्यांसाठी एक गाव वसते आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ते नाहीसे होते. जनगणनेच्या कोणत्याही नकाशावर हे गाव सापडत नाही.

या कुटुंबांतली मुले शाळेच्या दुसऱ्या सत्रात नसतात. मोठी मुलगी कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळते, मुलगा बैलांना वाढे टाकतो. त्यांच्यासाठी कारखान्यांच्या परिसरात 'साखरशाळा' झाल्या. गावाकडे आजीआजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. यांचा उपयोग झाला, पण प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. आपल्या वाचकांपैकी काही जण लोणी-श्रीरामपूरच्या बाजूला शिकवत असतील, काही पाटोदा-आष्टीच्या बाजूला. एकाच्या वर्गात नोव्हेंबरनंतर पट भरलेला असतो आणि दुसऱ्याच्या वर्गात तो निम्मा होतो. या दोन्हींचे कारण एकच पीक आहे.

जमीन आणि पाणी

उसाचा पहिला गुण, तहान, याचीही किंमत द्यावी लागली. एक मिलिमीटर पाणी एक हेक्टरवर दिले, तर ते १०,००० लिटर होते. २,००० मिलिमीटर म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. हेक्टरी १०० टन ऊस आला असे धरले, तरी एक किलो उसाला २०० लिटर, आणि १० टक्के उताऱ्याने एक किलो साखरेला २,००० लिटर पाणी पडते. महाराष्ट्रातल्या लागवडीच्या क्षेत्रात उसाचा वाटा अगदी लहान, पाच टक्क्यांच्या आसपास आहे. सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा मात्र वेगवेगळ्या अंदाजांनुसार निम्म्याहून अधिक आहे.

जास्त पाण्याने जमीनही बिघडते. भारी काळ्या मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. सतत पाट चालू राहिला की जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते. तेथून केशाकर्षणाने पाणी पृष्ठभागाकडे चढते, उन्हाने उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. जमीन खारवट आणि पुढे चोपण होते. नीरेच्या कालव्यावर हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच उभा राहिला होता. पुढे कृष्णाकाठच्या सुपीक पट्ट्यातही तो दिसला. उपाय माहीत आहेत. चर काढून निचरा करणे, ठिबकने मोजके पाणी देणे, पाचट जाळण्याऐवजी सरीत पसरून ओल राखणे. १९३२ मध्ये सुरू झालेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने आणि इतर संस्थांनी यावर आणि नव्या जातींवर पुष्कळ काम केले आहे. पाण्याचा दर जोवर क्षेत्रावर आकारला जातो, मोजून नाही, तोवर शेतकऱ्याने ते जपून वापरावे ही अपेक्षा मात्र अवघड आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. ताज्या उसाचे एकेक फुटाचे सहा तुकडे घ्या. तीन तुकड्यांवर खुणा करून त्यांचे रोज वजन करा आणि आठवड्याचा आलेख काढा. त्यातले काही सावलीत आणि काही उन्हात ठेवले तर फरक दिसेल.

२. उरलेल्या तुकड्यांतून पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी थोडा रस काढा. प्रत्येक वेळी एक भाग रसात नऊ भाग पाणी मिसळा. परीक्षानळीत हा पातळ रस आणि बेनेडिक्ट द्रावण सारख्या प्रमाणात घेऊन उकळत्या पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटे धरा. हे काम शिक्षकांनी करावे. सुक्रोज बेनेडिक्ट द्रावणाचा रंग बदलत नाही, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बदलतात. पहिल्या दिवशीही थोडा रंग येईल, कारण ताज्या रसात या शर्करा अल्प प्रमाणात असतात. पुढच्या दिवसांत रंग हिरव्या-पिवळ्याकडून तांबूस विटकरीकडे किती सरकतो, ते नोंदवा.

३. जिल्ह्याच्या नकाशावर साखर कारखान्यांच्या जागा खुणा करून घ्या. प्रमाणानुसार ११ किलोमीटर त्रिज्येची वर्तुळे कंपासने काढा. त्यावर कालवे, रेल्वे आणि महाविद्यालये दाखवा. वर्तुळे कोठे एकमेकांवर चढतात आणि कोठे मोकळी जागा राहते, यावर चर्चा करा.

४. तुमच्या भागात ऊस नसेल, तर तेथले नगदी पीक घ्या. कांदा, कापूस, द्राक्षे, काजू, सुपारी. काढणीनंतर ते किती दिवस टिकते? किती वजनदार आहे? किती पाणी घेते? या तीन प्रश्नांची उत्तरे आणि परिसरातल्या बाजारगावांची मांडणी शेजारी शेजारी ठेवून पाहा.

एक सूचना. ज्या वर्गात ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबांतली मुले आहेत, तेथे त्यांना उभे करून माहिती विचारू नये. मोळी कशी बांधतात, वाढे म्हणजे काय, गाडी कशी भरतात, हे त्यांना इतरांहून चांगले ठाऊक असते. त्यांनी आपणहून सांगायचे ठरवले, तर त्या तासाला तेच शिक्षक होतील.

आता काही भागांत ऊसतोडणी यंत्रे आली आहेत. त्यांच्यासाठी सऱ्या रुंद ठेवाव्या लागतात आणि लहान तुकड्यांच्या शेतात ती नीट वळत नाहीत. शिवाय यंत्र उसाचे छोटे तुकडे करते. जितकी टोके उघडी, तितका रस लवकर बिघडतो, म्हणून यंत्राने तोडलेला ऊस आणखी घाईने गाळावा लागतो. ही यंत्रे वाढली, तर तोडणीवर जगणाऱ्या कुटुंबांना दुसरे काम लागेल आणि ते त्यांच्या गावाजवळ मिळेल की नाही, यावर पुढचा नकाशा ठरेल. त्याची पहिली नोंद बहुधा कोणत्याही अहवालाआधी पाटोदा किंवा पाथर्डीच्या एखाद्या शाळेच्या डिसेंबरच्या हजेरीपटावर होईल. ती नोंद नीट ठेवणे शिक्षकांच्या हातात आहे.